तेलाची तार

आमच्या ह्यांनी जन्मात कधी पाक केला नाही. लाडवाच्या साखरेत पाणी किती घालायचं असं विचारलं तर आधी चष्मा शोधतील. पण पाकाची तार बघावी तशी मोटारीच्या तेलाची तार बघायला मात्र त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. बोनेट उघडायचं, तेलात बुडालेली ती लांब पट्टी, डिपस्टिक, बाहेर काढायची, टोकाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, वर तर्जनी टेकवायची आणि डोळे बारीक करून दोन्ही बोटं हळूहळू लांब न्यायची. तार आली तर तेल उत्तम, तुटली तर पाणी. गोंदियापलीकडच्या आमच्या बालाघाटात ट्रॅक्टरवाले, राइस मिलवाले, बसवाले, सगळे तेल असंच पारखतात. पारखून झालं की बोटं पुसायला कापड शोधतात, आणि ते नेहमी दुसऱ्याचं असतं. आमच्याकडे ते समोरच्या खोलीचा पडदा होतं. तो मी धुऊन धुऊन विरवला.

ह्या बोटांच्या खेळात माझ्या मायचं आणि तिच्या बहिणीचं जे झालं ते मी विसरलेली नाही. विसरावं असा माझा विचारही नाही.

गाडी आली ती दिवाळीच्या आगेमागे. हे सरकारी कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झाले, तोवर जन्म स्कूटरवर गेला होता. घरात माणसं तीन: हे, मी आणि माझी माय. पोरं आपापल्या गावी. तरी गाडी घेतली ती सात जणांची, डिझेलवर चालणारी, गल्लीत वळताना दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना बाहेर काढणारी एसयूव्ही. गोंदियाच्या एका ठेकेदाराने वापरून सोडलेली होती. रंग लाल, पिकल्या बोरासारखा. कोणी विचारलं की हे सांगायचे, ‘‘सासूबाईसाठी घेतली. त्याईले बसची पायरी चढवत नाही.’’

ते खरंच होतं, मायचे गुडघे गेलेले आहेत. पण गाडी दारात उभी राहिल्यावर कळलं की तिची पायरी बसच्या पायरीपेक्षाही उंच आहे. मग ह्यांनी पूजेचा चौरंग आणून दारापाशी ठेवला. माय त्यावर चढली, मी मागून लोटलं, ह्यांनी पुढून ओढलं आणि ती एकदाची आत पडली. ‘‘मले त सत्यनारायणावानी बसवून राह्यले,’’ ती म्हणाली. तेव्हा आम्ही तिघंही हसलो. गाडीने आम्हाला दिलेलं सुख एवढंच, म्हणून त्याची नोंद करून ठेवते.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. मावशी मायची पाठची बहीण, लांजीला असते. धानाची शेती आहे, मुलगा-सून बरी आहेत. मी फोन मायच्या कानाला लावला. मावशी फोनवर ओरडून बोलते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

‘‘बाई, डागदर म्हनते काचबिंदू हाय. गेलं ते गेलं, ते वापस येत नाही. समोरचं दिसते, बाजूचं नाही दिसत. दाराच्या फटीतून पाह्यल्यावानी. हे बी कधी जाईन त सांगता येत नाही. तू ये एकदा. तुह्यं तोंड पाहून ठेवतो.’’

पाहून ठेवतो. पावसाळ्याआधी आपण सरपण भरून ठेवतो, तसं ती म्हणाली. मग मावशीनेच विषय बदलला.

‘‘जवायानं गाडी घेतली म्हनते? कोनत्या रंगाची?’’

‘‘लाल हाय. पिकल्या बोरावानी.’’

‘‘मंग तिच्यातच ये. तुले बी पाहीन अन् गाडी बी पाहीन.’’

बालाघाटहून लांजी म्हणजे काही काशी नाही. सकाळी निघालं की जेवायला तिथे. हे तर फोन ठेवायच्या आधीच म्हणाले, ‘‘येत्या रविवारी जाऊ. फक्त तेल बदलून घेतो. लंब्या रस्त्यावर जायाचं त आधी तेल पाह्यजे.’’

तो ‘आधी’ होळीपर्यंत चालला.

तेल कोणतं घालायचं ह्याचा निकाल लावायला आमच्या अंगणात दरबार भरू लागला. दरबारी दोनच, पण आवाज बाराजणांचा. एक ह्यांचे राइस मिलवाले मित्र, ज्यांना मिलच्या इंजिनापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं कळतं. दुसरे भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले, ज्यांनी जन्मभर तिथे कंप्रेसर चालवला आणि अजूनही जगातली प्रत्येक वस्तू त्या कंप्रेसरशी ताडून बघतात.

मिलवाल्यांचं शास्त्र सोपं होतं. ‘‘भाईसाहब, बडी गाडी में बडा नंबर. छोटी गाडी में तीस चल जाता है. इसमें पचास से नीचे मत जाना. पतला तेल तो पानी है, पानी!’’

म्हणजे तेलाचा नंबर हा चपलेचा नंबर. पाय मोठा तर चप्पल मोठी. ह्यांनी मान डोलावली.

भरवेलीवाले म्हणाले, ‘‘आमच्या कंप्रेसरात मधावानी तेल राहे. कधी तक्रार नाही. पन एवढं बी जाड नोको. अर्धं जाड टाका, अर्धं पातळ टाका. चहात दूध टाकतो का नाही आपन?’’

ह्यांनी त्यालाही मान डोलावली. मी चहा देता देता विचारलं, ‘‘अजी, गाडी बनवनाऱ्यानं काही लिहून ठेवलं असंन नं?’’ तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी मयतीत गाणं लावलं.

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात आणि मधे एक डब्ल्यू. पहिला आकडा थंडीचा: पहाटे इंजिन गारठलेलं असताना तेल किती लवकर वाहतं ते. जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहून झटकन वर पोचतं. दुसरा आकडा तापल्यावरचा. एवढीच गोष्ट आहे. हे मला माझ्या भाच्याने फोनवर, भाजी फोडणीला टाकून ती शिजेपर्यंत समजावलं. पण दरबारात पहिल्या आकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. लहान आकडा होता ना तो. लहानाला आमच्याकडे कोण विचारतो?

शेवटी मिलवाले जिंकले, कारण त्यांचा आवाज मोठा. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘आप जो बोलो, डाल देंगे.’’ त्याने ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी ओतलं. ह्यांनी थेंब बोटावर घेतला, तार काढली. ती अशी लांबली की अनारशाच्या पाकालाही लाज वाटावी. तिघेही खूष झाले आणि माझ्या पडद्याला बोटं पुसून गेले.

जायचा दिवस उजाडला तो कडाक्याच्या थंडीत. वैनगंगेवरून धुकं अंगणात आलं होतं. माय पहाटेच उठून बसली होती. हिरवं इरकल नेसली होती. ते तिला आणि मावशीला त्यांच्या भावाच्या लग्नात एकसारखं मिळालं होतं, मावशीचं फाटलं, हिचं पेटीत राहिलं. पिशवीत जवसाची चटणी, लाखोळीची डाळ. चौरंगावर चढून ती आत जाऊन बसली आणि ह्यांनी चावी फिरवली.

गाडी खाकरली. म्हातारा माणूस पांघरुणातूनच खाकरतो आणि उठत नाही, तशी. पुन्हा खाकरली. बऱ्याच वेळाने सुरू झाली ती असा खडखडाट करत की शेजारीण खिडकीत आली. समोर तेलाचा लाल दिवा पेटला तो विझेना. थंडीने घट्ट झालेलं ते मधासारखं तेल वर चढायलाच तयार नव्हतं. ह्यांनी घाबरून गाडी बंद केली, खाली उतरले, बोनेट उघडलं आणि काय केलं असेल? तार बघितली.

‘‘तार त झकास हाय!’’ ते म्हणाले.

तार झकास, म्हणजे तेल बरोबर. तेल बरोबर, म्हणजे दोष दुसरीकडे कुठेतरी. दुसरीकडे दोष, म्हणजे जाणं रद्द. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. माय चौरंगावरून खाली उतरली. इरकल घडी करून तिने पुन्हा पेटीत ठेवलं. जवसाची चटणी आम्हीच खाल्ली.

मी त्याच दिवशी म्हटलं, ‘‘बसनं जाऊ. मी मायले दोन्ही हातानं चढवतो.’’ गाडी नव्हती तेव्हा आम्ही बसनेच जात होतो, कुरकुर करत का होईना, पण पोचत होतो. ह्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. ‘‘घरात एवढी मोठी गाडी उभी हाय, अन् माह्या सासूनं बसच्या दांडीले लटकत जावं? लोक काय म्हनतीन?’’

मी लोकांना काय वाटेल ते म्हणू द्यायला तयार होते. पण मायच म्हणाली, ‘‘राहू दे वो. जवायाच्या मनाले लागंन. त्याईनं माह्यासाठीच त घेतली गाडी.’’

इथे घोडं पेंड खात होतं. आमच्यात सासूने जावयाच्या घरी राहणं हीच मुळात अवघड गोष्ट. माय इथे राहते ती पाहुण्यासारखी, चहा गार झाला तरी तसाच पिते. जावयाने मानाने दारात उभी केलेली गाडी सोडून ती बसमध्ये चढली असती, तर तो जावयाचा जाहीर अपमान झाला असता. बहिणीचे डोळे एकीकडे, जावयाचा मान एकीकडे. तिने मान उचलून धरला. मला तिचा राग आला, ह्यांचा आला, त्या लाल डब्याचा तर फारच आला.

दरबार पुन्हा भरला. आता भरवेलीवाल्यांची पाळी होती. तेल काढलं, दोन प्रकारची मिसळून घातली. आवाज थोडा कमी झाला, पण मिलवाले म्हणाले, मिसळलेल्या तेलावर लंबा रस्ता करायचा नाही. कुठल्याशा पगडीवाल्या माणसाचा व्हिडिओ तिघांनी मिळून पाहिला. तो सांगत होता की तेल बदलण्याआधी इंजिन आतून धुवावं. मग धुतलं. माणसं आंघोळीला टाळाटाळ करतात, पण इंजिनाला अभ्यंगस्नान.

त्या दिवसांतलीच गोष्ट. तेल ओततात त्या तोंडाचं काळं झाकण हे रोज काढायचे आणि माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर उपडं ठेवायचे. कट्ट्यावर तेलाचं गोल कडं उमटलं होतं. एके दिवशी माझं डोकं फिरलं. मी ते झाकण उचललं, साबण लावून खसाखसा घासलं. ठेकेदाराच्या काळापासूनचा मळ निघाला आणि त्यावर पांढरी अक्षरं दिसू लागली: फाइव्ह डब्ल्यू थर्टी. एवढे दिवस ज्या झाकणाला हात लावून वाद चालला होता, त्या झाकणावर उत्तर लिहिलेलं होतं.

मी अंगणात जाऊन झाकण तिघांच्या मधे धरलं. तिघांच्या माना पुढे आल्या. वाटलं, सुटलो. मग मिलवाले हसले. ‘‘भाभीजी, कंपनी तो कुछ भी लिख देती है. कंपनी को बालाघाट की गर्मी क्या मालूम?’’

बाहेर तेव्हा एवढी थंडी होती की ते स्वतः मफलर, स्वेटर आणि वर शाल घेऊन बसले होते.

‘‘आमच्या कंप्रेसरावर त काहीच लिहिलं नोहोतं,’’ भरवेलीवाले म्हणाले.

ह्यांनी झाकण माझ्या हातून घेतलं, वाचलं आणि परत कट्ट्यावर उपडं ठेवलं. ‘‘तू नोको टेन्शन घेऊ,’’ म्हणाले. ह्या चार शब्दांनी मला जेवढा राग येतो तेवढा शिवीनेही येत नाही.

संक्रांतीला मी तिळाच्या लाडवांचा पाक करत होते. हे वास घेत स्वयंपाकघरात आले. मी म्हटलं, ‘‘बसा इथं. पाहा.’’ उकळता गूळ पळीने वर उचलून सोडला, तो पाण्यासारखा ओघळला. तोच ताटलीतल्या गार पाण्यात टाकला, तर त्याची गोळी झाली, बोटाने दाबली तरी दबेना. ‘‘गूळ तोच. गरम असला का वाहते, थंडा झाला का दगड होते. तुमी गाडीत दगड भरून राह्यले अन् तार पाहून राह्यले. सकायच्या थंडीत तो वर कसा चढन?’’

त्यांनी गोळी उचलली, बोटांत फिरवली. डोळ्यांत काहीतरी चमकलं. मला खरंच वाटलं, पोचलं. मग त्यांनी ती गोळी तोंडात टाकली.

‘‘गुळाचं अलग असते,’’ ते म्हणाले.

तिळगूळ घ्या, गोड बोला. मी बोलले नाही, तीच त्यांची संक्रांत.

मधल्या काळात मावशीचे फोन येत होते. आधी म्हणाली, फट बारीक झाली. मग म्हणाली, दिवा लावला का नाही तेवढं समजते. मग ती डोळ्यांचं बोलायचीच थांबली, धानाचं बोलायची, सुनेचं बोलायची. माय प्रत्येक वेळी म्हणायची, ‘‘येतो वो, येऊनच राह्यलो. जवाई तेल पाहून राह्यले.’’ आणि प्रत्येक फोननंतर ती त्या दिवशी चहा घ्यायची नाही. हे मी ह्यांना सांगत होते. हे म्हणत होते, ‘‘म्हनूनच त घाई नाही करून राह्यलो. रस्त्यात बंद पडली त मायचेच हाल.’’

गाडी शेवटी रस्त्यात नाही, दारातच बंद पडली. सारखी चावी फिरवून फिरवून बॅटरीने मान टाकली. ओढत गोंदियाच्या मोठ्या वर्कशॉपात न्यावी लागली. तिथे कोणी तार काढली नाही, कोणी कंप्रेसरची आठवण सांगितली नाही. बॅटरी बदलली आणि जाता जाता झाकणावर लिहिलेलं तेल घातलं. ह्यांना विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी हे घरी आले ते लढाई जिंकून आल्यासारखे. गाडी सुरू करून दाखवली. चावी फिरवताच अशी लागली, की सुरू आहे की नाही हे बघायला हात लावावा. ‘‘पाह्यलं? मी म्हनतच होतो, पातळ तेल पाह्यजे.’’

मिलवाले आले, त्यांनी कान लावला. ‘‘बिल्कुल. नये इंजन में पतला ही डलता है, सबको मालूम है.’’ भरवेलीवाल्यांनीही मान्य केलं. कंप्रेसरातसुद्धा शेवटी शेवटी पातळच घालत होते म्हणे. तिघांचं असं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पडदा काढून धुवायला टाकला.

लांजीला गेलो तेव्हा रस्त्याकडेला मोहाची फुलं पडत होती आणि पहाटेची थंडी कधीच संपली होती. माय हिरव्या इरकलात मागे बसली होती. ह्यांचं तोंड वाटभर चालू होतं. ‘‘आवाज येतच नाही, पाहा. पाण्यावानी चालून राह्यली.’’ मी खिडकीबाहेर बघत होते. लवकर ये म्हणणारी माणसं वाट बघतात आणि ज्यांनी घेऊन जायचं ते तार बघतात, एवढंच डोक्यात येत होतं.

मावशी अंगणात खाटेवर बसली होती. गाडी थांबल्याचं तिला सुनेने सांगितलं. ती उठून उभी राहिली, पण तोंड आमच्याकडे नव्हतं, गोठ्याकडे होतं. माय चौरंगाची वाट न बघता गाडीतून उतरली. कशी उतरली देव जाणे. चालत गेली आणि मावशीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

‘‘मी आली वो,’’ ती म्हणाली.

मावशीने हात पुढे केला. तो मायच्या पदरावर पडला. मग तिने पदराचा काठ अंगठ्यात आणि तर्जनीत धरला आणि हळूहळू चोळला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

‘‘दादाच्या लग्नातलं हाय नं हे?’’

मायने हुंदका दिला. मीही रडले, आणि ज्याच्यावर ओरडायचं होतं तो माझ्या शेजारीच उभा होता, म्हणून अजूनच रडले. ह्यांना शांतता कधी सोसत नाही. घसा खाकरून म्हणाले, ‘‘मावशीबाई, गाडी सुरू होती तवा आवाज आयकला का?’’

‘‘आयकला नं,’’ मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला राग येत नाही, तो सगळा मला दिला आहे. ‘‘लय गोड आवाज हाय, जवाईबापू. दारात आली तरी समजलं नाही. जराशी पयले आनली असती, त रंग बी पाह्यला असता.’’

हे मागे फिरून गाडीकडे बघू लागले. मायने मावशीचा हात पदरावरून काढून आपल्या गालावर ठेवला.

‘‘सांगतलं होतं नं तुले,’’ ती म्हणाली. ‘‘लाल हाय. पिकल्या बोरावानी.’’

‘‘हौ,’’ मावशी म्हणाली. ‘‘सांगतलं होतं.’’